सांगलीत सेवाभावी क्लबची नोंदणी कशी करायची: पात्रता, कागदपत्रे आणि दरवर्षीचा चेंज रिपोर्ट

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा कितीतरी तरुण मंडळांनी भाकरी, चादरी आणि औषधं जमवून पूरग्रस्तांपर्यंत पोचवली. पाणी ओसरल्यावरही काम चालू ठेवायचं, जतच्या शाळांना दप्तरं द्यायची, मोतीबिंदूची शिबिरं घ्यायची, असं ठरलं की पहिला प्रश्न बँकेत येतो: खातं कुणाच्या नावावर उघडायचं? कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर देणगी घेऊ नका. माणूस कितीही सचोटीचा असला तरी हिशेबाच्या दिवशी त्याच्यावरच बालंट येतं.

नोंदणीसाठी किमान ७ सज्ञान सभासद लागतात. सातही जण एकाच घरातले नसलेले बरे. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली न्यास (ट्रस्ट), अशा दोन नोंदण्या आपल्याकडे कराव्या लागतात. दोन्हींचं काम सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात होतं. संस्थेचं प्रमाणपत्र हातात आलं की अनेकजण तिथंच थांबतात. पण न्यासाचा अर्ज कलम १८ नुसार ३ महिन्यांत द्यायचा असतो, आणि तो मंजूर झाल्यावर ‘एफ’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो. रोटरी किंवा लायन्सची सनद ही त्या संघटनेची मान्यता आहे. इथल्या कायद्याखालची नोंदणी त्याने होत नाही, ती वेगळी करावी लागते.

उद्देश धर्मादाय हवेत. कायद्यात गरिबी वा संकटनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि लोकोपयोगी कामं ही सगळी येतात, त्यामुळे सेवाभावी क्लबला अडचण पडत नाही.

कागदपत्रांत विधानपत्र (नाव, उद्देश, पहिल्या कार्यकारिणीची नावं, पत्ते, व्यवसाय), नियमावलीची कार्यकारिणीतल्या किमान तिघांनी प्रमाणित केलेली प्रत, पहिल्या सभेचा ठराव, सर्वांची संमतीपत्रं, ओळखीचे व रहिवासाचे पुरावे लागतात. कार्यालय दुसऱ्याच्या जागेत असेल तर मालकाचं ना हरकत पत्र, सोबत लाईट बिल किंवा घरपट्टीची पावती द्यावी. अर्जाची धावपळ करणाऱ्या सभासदाच्या नावे अधिकारपत्रही करून ठेवा. प्रत्येकाचं नाव आधारवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा. ‘बाळासाहेब’ आणि ‘बाळकृष्ण’ यांच्या घोळात फाईल परत येते.

नियमावली मात्र दुसऱ्या संस्थेची उचलून आणू नका. आमच्या क्लबने तेच केलं होतं, आणि त्यात कार्यकारिणीची मुदत ५ वर्षं लिहिलेली. प्रत्यक्षात दरवर्षी १ जुलैला नवा अध्यक्ष हार घालून घ्यायचा. धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी पहिलाच अध्यक्ष राहिला. पुढे एका बँकेने सह्या बदलायला नकार दिला आणि शिष्यवृत्तीचे पैसे ऐन जूनमध्ये अडकले. मुलांच्या पालकांना रोज फोनवर काय सांगायचं, हे मला अजून आठवतं.

पदाधिकारी बदलले की १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. त्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. १ जुलैला पदग्रहण असेल तर ही मुदत सप्टेंबरअखेर संपते. त्याच सुमारास ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं लेखापरीक्षण पूर्ण करायची सहा महिन्यांची मुदतही संपते, म्हणून सचिवाने गणपतीच्या आधीच कामाला लागावं. पदग्रहणाच्याच दिवशी सभेची नोटीस, इतिवृत्त, नव्यांची संमती आणि मावळत्यांचं ना हरकत पत्र यांवर सह्या घेऊन टाका. महिन्याभराने मावळते अध्यक्ष पुण्याला मुलाकडे गेलेले असतात. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडता येतो, पण कारण सबळ लागतं.

माझं मत विचाराल तर धर्मादाय कामासाठी दीर्घ मुदतीच्या विश्वस्तांचा वेगळा न्यास करावा आणि क्लबची वार्षिक पदं त्यापासून अलग ठेवावीत. मालमत्ता, ठेवी, शिष्यवृत्तीचा निधी न्यासाकडे राहील. न्यासाची जागा विकायची किंवा ३ वर्षांहून अधिक भाड्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हेही विश्वस्तांना आधीच सांगून ठेवा.

नोंदणीनंतर पॅन आणि बँक खातं. संस्थेच्या उत्पन्नाला आणि देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून आयकर विभागाकडे ज्यांना लोक अनुक्रमे ‘१२ ए’ आणि ‘८० जी’ म्हणतात त्या नोंदण्या करा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाईनच मागा.

नोंदणी व्हायच्या आधीच पूर आला किंवा दुष्काळ पडला, तर हात बांधून बसायची गरज नाही. मदतनिधी जमवण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडे परवानगी मागता येते. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी. पावतीपुस्तकाला क्रमांक घाला, पैसे कुठे गेले ते लिहून ठेवा आणि मुदत संपल्यावर हिशेब कार्यालयात सादर करा.