अल्प-अनुदीप्त प्लास्टिक

अनुदीप्ती (फ्लुओरेसन्स), म्हणजे प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश सोडणे, ती मापणाऱ्या उपकरणांत स्वतः कमीत कमी उजळणारे प्लास्टिक. क्युव्हेट (द्रव नमुन्याची छोटी पारदर्शक कुपी), सूक्ष्मप्रवाही चिप (बारीक नलिकांतून द्रव नेणारी पट्टी), भिंगे आणि नमुनाधारक यांसाठी ते निवडतात. पूर्णपणे अनुदीप्तिहीन असे प्लास्टिक नाही. त्यामुळे निवड नेहमी विशिष्ट तरंगलांबीपुरतीच करावी लागते.

पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट आणि पीईटी (बाटल्यांचे प्लास्टिक) यांच्या रेणूतच बेंझीन वलये असतात, आणि ती अतिनील प्रकाश शोषून उजळतात. पॉलिस्टायरीनमध्ये शेजारच्या दोन वलयांच्या उत्तेजित जोडीचे उत्सर्जन ३३० नॅनोमीटरच्या आसपास दिसते. पॉलिकार्बोनेट निळ्या-जांभळ्या उत्तेजनाला (त्यावर टाकलेल्या प्रकाशाला) ठळकपणे उजळते, म्हणून त्याचा १.५८५ हा अपवर्तनांक सोयीचा असला तरी अशा कामात ते टाळलेले बरे. अ‍ॅक्रिलिक (१.४९) व सायक्लो-ओलेफिन (सुमारे १.५३) यांत ही वलये नसतात. मात्र बाजारातील साध्या अ‍ॅक्रिलिक पत्र्यात बहुधा अतिनील-शोषक मिसळलेला असतो. अतिनील काम असेल तर तो नसलेली प्रत नावानिशी मागावी.

पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांच्या अनुदीप्तीचे मूळ वादग्रस्त आहे. शुद्ध संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) साखळीला जवळचा अतिनील प्रकाश शोषण्याचे कारणच नाही, तरीही हे पदार्थ त्यात उजळतात. १९७० च्या दशकात एका मताने याचा दोष प्रदूषित हवेतून शोषल्या गेलेल्या बहुवलयी अ‍ॅरोमॅटिक संयुगांना दिला. दुसऱ्या मतानुसार प्रक्रियेतील ऑक्सिडीकरणाने तयार झालेले असंपृक्त कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचे) गट त्याला कारण आहेत. नमुना संयुगांच्या वर्णपटांशी असलेले साम्य पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, तरी दोन्ही कारणे एकाच नमुन्यात असू शकतात. व्यवहारात याचा अर्थ मोठा आहे: सायक्लो-ओलेफिनची साखळीही अशीच संपृक्त असते, पण ते वितळलेल्या अवस्थेत साच्याच्या यंत्रात जास्त वेळ तापत राहिले किंवा त्याला ऑक्सिजन लागला, की तेच प्लास्टिक पिवळट पडून उजळू लागते. म्हणून दाणे नायट्रोजनखाली वाळवतात. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला भागही पुन्हा तपासावा.

२००५ च्या एका तुलनात्मक अभ्यासात ४०३, ४८८, ५३२ व ६३३ नॅनोमीटरच्या लेसरांखाली सिलिकॉन रबर (पीडीएमएस) बोरोसिलिकेट काचेच्या जवळ राहिले. अ‍ॅक्रिलिक, सायक्लो-ओलेफिन व पॉलिकार्बोनेट काचेपेक्षा अधिक उजळले. उत्तेजन तांबड्याकडे सरकले की सर्वांची अनुदीप्ती घटते, सतत लेसर पडत राहिल्यासही ती ओसरते. त्यामुळे पहिल्या मिनिटातले वाचन आणि दहाव्या मिनिटातले वाचन एकच मानू नये.

३६५ नॅनोमीटरचा टॉर्च प्राथमिक चाळणीपुरता ठीक. त्यातून जांभळा प्रकाशही गळतो, म्हणून पुढे काळ्या काचेचा (अतिनील जाऊ देणारा, दृश्य प्रकाश रोखणारा) फिल्टर लावावा, अंधारात पाहावे आणि शेजारी क्वार्ट्झचा तुकडा ठेवावा; डोळ्यांवर अतिनील-रोधक चष्मा हवा. या तपासणीत काळा राहिलेला तुकडा ४८८ नॅनोमीटरला उजळणार नाही, असे मात्र नाही. अंतिम मापन प्रत्यक्ष वापरातल्याच लेसरने, फिल्टरने आणि जाडीने करावे. रिकामा धारक आधी मोजावा.

वर्णपटात अरुंद शिखर दिसल्यास घाईने अनुदीप्ती म्हणू नये. ते रामन विकिरणाचेही असू शकते, म्हणजे रेणूंच्या कंपनामुळे ठरावीक ऊर्जेने बदलून विखुरलेल्या प्रकाशाचे. अ‍ॅक्रिलिकचे कार्बन-हायड्रोजन रामन शिखर ४८८ च्या उत्तेजनाला सुमारे ५७० वर, ५३२ च्या उत्तेजनाला ६३१ वर येते. उत्तेजन बदलताच जे शिखर असे सरकते ते रामन. अनुदीप्तीचा पट्टा बहुधा जागचा हलत नाही.

चांगले प्लास्टिक निवडूनही पार्श्वभूमी वाढली, तर आधी गोंद, बोटांचे ठसे, संरक्षक फिल्मचा चिकटा आणि लेसरने कापलेल्या कडा पाहाव्यात. सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन शुद्ध पाण्याने खळबळावे. अ‍ॅक्रिलिकवर अ‍ॅसिटोन कधीही लावू नये, पृष्ठभाग विरघळून त्यावर बारीक तडे पडतात. धारकासाठी पांढऱ्या प्लास्टिकऐवजी काजळी मिसळलेले काळे घ्यावे. पांढऱ्यात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये असू शकतात आणि ती निळी उजळतात.