सोबती घडायला लागतो तेवढा वेळ

एरिख मारिया रेमार्क यांच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या १९२९च्या जर्मन कादंबरीत पाउल आणि काट हे दोन शिपाई रात्री चोरलेला हंस भाजत बसतात. एवढा मोठा पक्षी शिजायला वेळ लागतो. एकजण वरून चरबी सोडतो, तोवर दुसरा डुलकी काढतो. बोलणं जवळपास नाहीच. पहिल्या महायुद्धातली शिपायांची सोबत समजून घ्यायला खंदकातल्या शौर्यापेक्षा हा प्रसंग जास्त उपयोगी पडतो.

असं एकत्र काहीतरी करत राहिल्याने शरीरात काय होतं? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी विद्यापीठाच्याच १२ वल्हेकऱ्यांवर एक प्रयोग केला, तो २०१० साली छापून आला. व्यायामयंत्रावर ४५ मिनिटं वल्हवायचं, एकदा एकट्याने, एकदा चमूसोबत. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर बांधून हवा भरत जायची आणि ‘दुखतंय’ म्हणेपर्यंत दाब किती चढला ते पाहायचं. मेहनत दोन्ही वेळा सारखीच, पण चमूत वल्हवल्यावर वेदना सोसण्याची क्षमता जास्त वाढलेली आढळली. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक रसायनं त्यामागे असावीत, असा अंदाज आहे. अंदाजच, कारण रसायन थेट मोजलेलं नव्हतं आणि माणसं अवघी बारा.

२००९च्या एका अमेरिकन प्रयोगात तिघा-तिघांचे गट पायाला पाय जुळवून चालवले. नंतरच्या पैशांच्या खेळात त्यांनी एकमेकांवर जास्त भिस्त ठेवली. लेझीम खेळलेल्याला यात नवल वाटणार नाही. बंदूकधारी फौजांच्या कवायतीचा हेतू बंदुका एका वेळी चालाव्यात हा होता. जवळीक हा तिचा जोडपरिणाम.

पण नुसत्या सोबतीवर सैन्य लढतं का? शिल्स आणि जानोवित्झ या समाजशास्त्रज्ञांनी १९४८ साली, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन कैद्यांच्या मुलाखतींच्या आधारे, बरंचसं हो म्हटलं. शिपाई टिकतो तो तुकडीतल्या ओळखीच्या माणसांमुळे. नाझी विचारसरणी त्यामानाने दुय्यम. इतिहासकार ओमर बार्तोव्ह यांना हे पटलं नाही. रशियाच्या आघाडीवर माणसं इतक्या झपाट्याने मरत होती, की ओळखीचा गट उरतच नव्हता, तरी फौज लढत राहिली. त्यांनी प्रचार आणि कडक शिक्षांना जास्त वजन दिलं.

गट मोडतो तो केवळ गोळ्यांनी नव्हे. व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्करातल्या शिपायाची मुदत साधारण बारा महिने, पण प्रत्येकाची वेगळी मोजलेली. तुकडी तीच राही, माणसं एकेक करून बदलत. जाणाऱ्याचं लक्ष घरी परतायच्या तारखेकडे, आणि येणारा सगळ्यांना अनोळखी.

रेमार्कच्या कादंबरीत नवे रंगरूट एका जुन्या शिपायामागे पाच ते दहा या प्रमाणात मारले जातात. तोफगोळ्यांचे आवाज त्यांना ओळखता येत नाहीत, आणि जुन्यांनी शिकवलं तरी पुन्हा मारा सुरू झाला की गडबडीत सगळं चुकतं.