धाप छातीची की मांड्यांची?

पर्वतीला पायऱ्या 103. रोज सकाळी त्या चढणारी साठी-सत्तरीची मंडळी पुण्याला नवी नाहीत. कुणाला मध्येच कठड्याला टेकावं लागलं, की निदान ठरलेलं: ‘‘आता छाती साथ देत नाही.’’ छातीत दुखत असेल किंवा धाप अचानक वाढली असेल तर आधी डॉक्टर गाठावा, यात वाद नाही. पण तपासण्या ठीक येऊनही दम लागतो, तेव्हा मांड्यांकडे बघायला हवं.

पायरी चढताना क्षणभर सगळा भार एकाच पायावर येतो. स्नायू दणकट असेल तर तो भार पेलूनही बरीच ताकद शिल्लक उरते. वयाबरोबर स्नायू झिजतात. त्यातही झटकन जोर लावणारे तंतू जास्त. मग पायरी तीच, वजन तेच, पण स्नायूला सगळा जोर पणाला लावावा लागतो. इतका आवळलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्तदाब चढतो, जोराच्या कामात स्नायूत तयार होणारं लॅक्टेट साठतं आणि श्वास फुलतो.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये 65 ते 79 वयाच्या 24 निरोगी माणसांवर झालेला एक प्रयोग 1996 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाने 12 आठवडे वजनं उचलली. दमछाक करणाऱ्या वेगाने चालताना ही माणसं आधी सरासरी 25 मिनिटं टिकायची, ती 34 मिनिटं टिकू लागली. गंमत म्हणजे शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता होती तेवढीच राहिली!

ती क्षमता हवी तर भरभर चालणं किंवा टेकडी चढणं आहेच. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. पहिल्यात पुणेकर तरबेज. दुसऱ्याचं म्हणाल तर बागेतल्या ओपन जिमवर पाय झुलवत गप्पा रंगतात. त्याला ताकदीचा व्यायाम म्हणवत नाही. भार असा हवा की दहाव्या-बाराव्या वेळी जड जावं, आणि सोपं वाटू लागलं की तो वाढवावा.

घरी भिंतीला टेकवलेली खुर्ची पुरते. हात छातीशी घडी घालून उठायचं, सावकाश बसायचं. उठताना श्वास सोडायचा. रोखून धरला तर रक्तदाब उसळतो. जमू लागलं की छातीशी किलोभर तांदळाची पिशवी धरायची, मग दोन किलोंची.