प्रोजेक्टवरची पोस्टडॉक की स्वतःची फेलोशिप? अर्ज करायच्या आधी हे बघा

डेटा सायन्स, कॉम्प्युटेशनल बायोलॉजी, हवामानाची मॉडेलं असल्या विषयात पीएचडी संपत आली की पुण्यात पाषाणच्या संशोधन संस्थांमधली पोरं सगळीकडे एकच सीव्ही पाठवत सुटतात, आणि मग उत्तरं येत नाहीत म्हणून खचतात. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठराविक मुदतीच्या संशोधनाच्या कामाच्या, दोन वेगळ्या वाटा आहेत आणि दोन्हीकडे मागायची पद्धतच वेगळी आहे.

प्रोजेक्टवरची जागा म्हणजे ग्रँट (संशोधनासाठी मिळालेला निधी) प्राध्यापकांची, काम आधीच ठरलेलं, त्यांना ते करणारा माणूस हवाय. आपल्याकडे हे बऱ्याचदा रिसर्च असोसिएट म्हणून निघतं, डीएसटीच्या (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) २०२३ च्या दरांनी महिना ५८,००० ते ६७,००० रुपये अधिक एचआरए (घरभाडे भत्ता). जाहिरात संस्थेच्या साइटवर येते आणि मुदत अगदी थोडी असते, त्यामुळे आयसर, एनसीएल, आयआयटीएम, आयुका या पुण्यातल्या संस्थांची पानं दर आठवड्याला बघायचीच. परदेशातल्या अशा जागा युरॅक्सेस, अकॅडेमिक जॉब्स ऑनलाइन या साइटवर सापडतात.

फेलोशिपमध्ये विषय तुमचा, पैसा तुमच्या नावावर, प्राध्यापक फक्त ठिकाण देतात. आपली एन-पीडीएफ, म्हणजे नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप (आधी एसईआरबी या सरकारी निधी मंडळाची, आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे) दोन वर्षांची, वयाची अट साधारण ३५, काही गटांना सवलत. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपवर पोस्टडॉक म्हणून जायचं तर पीएचडी होऊन चार वर्षांच्या आत अर्ज हवा. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपमध्ये मात्र अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात जायचंय त्याच देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही, ही अट खूप जण वाचतच नाहीत. आणि या तिन्हींना होस्टची (ठिकाण देणाऱ्या प्राध्यापकांची) संमती आधी लागते, म्हणजे निदान वर्षभर आधीपासून मेलामेली सुरू.

मेलचंच घ्या. "सर, मला संधी द्या, मी मेहनती आहे" याला कोण उत्तर देणार हो? त्यापेक्षा "तुमच्या पावसाच्या डाउनस्केलिंगच्या (मोठ्या भागाच्या अंदाजावरून छोट्या भागाचा काढणं) पेपरमधला कोड मी चालवला, घाटमाथ्यावर अंदाज कमी येतोय असं दिसलं, त्यावर मला हे करून बघायचंय" असं चार ओळीत लिहा, खाली गिटहबची (कोड ठेवायची साइट) लिंक. प्रोजेक्टच्या जागेला हाच मेल थोडा वळवायचा, माझं काय यापेक्षा त्यांच्या ग्रँटमधलं कुठलं काम मी उचलू शकते हे आधी.

माझं मत विचाराल तर ज्यांचा स्टायपेंड थांबायला आलाय त्यांनी प्रोजेक्टची जागा घ्यावी आणि तिथून फेलोशिपचा अर्ज लिहावा, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी तोंडावर विचारून घ्या, कारण जाहिरातीत "पद प्रोजेक्टच्या मुदतीपुरतंच" एवढी एक ओळ असते: ग्रँटचे किती महिने उरलेत, जीपीयूचा (मोठी गणितं चालवायचे प्रोसेसर) वेळ मला नक्की मिळणार का, आणि मी लिहिलेला कोड माझ्या नावाने ओपन, म्हणजे सगळ्यांना खुला, करता येईल का. तिसऱ्याला नाही म्हणाले तर नीट विचार करा, आपल्या क्षेत्रात पुढची मुलाखत त्या कोडवरच होते.