पिवळी नळी, लाल नळी: घरच्या पूलमधल्या क्लोरीनची पार्श्वभूमी

गच्चीवरच्या पूलशेजारी सकाळी उकिडवं बसून पाणी तपासणाऱ्याच्या हातात दोन नळ्यांची छोटी प्लास्टिकची पेटी असते. एका नळीत चाचणीच्या द्रावणाचे चार-पाच थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, दुसरीत लालसर. पिवळा रंग क्लोरीनचा, लाल पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी त्याचा. गावाकडे आरोग्यसेवक नळाच्या पाण्याची जी ‘ओटी टेस्ट’ करतात, तीच ही पिवळी नळी. आमच्याकडे कित्येक वर्षं फक्त पिवळीच बघायचो. पिवळं आलं की औषध, म्हणजे क्लोरीन, पुरेसं, अशी समजूत. मुलांचे डोळे चुरचुरले की ‘आज जास्त पडलं’ म्हणायचं. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या.

क्लोरीन वायू पहिल्यांदा तयार केला रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी, १७७४ साली. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं, तेही कापड पांढरं करण्यासाठी. रोगराईशी तिचा संबंध पुढे जुळला. १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत सगळ्या शहराच्या पाण्यात नियमित क्लोरीन पडू लागला.

मुंबईला साचलेल्या पाण्याची धास्ती जुनी आहे. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी येईपर्यंत शहर विहिरी आणि तलावांवर जगत होतं. धोबी तलाव, गवालिया टँक ही आता फक्त नावं उरली आहेत. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला. त्यात बोट ठेवलं होतं विहिरींमध्ये वाढणाऱ्या अ‍ॅनाफिलीस स्टीफेन्सी डासावर, आणि त्यानंतर शहरातल्या अनेक विहिरी बुजवल्या गेल्या किंवा झाकल्या गेल्या. पंप बंद ठेवून औषध न टाकता सोडलेला पूल म्हणजे त्याच डासाला दिलेली उघडी विहीर.

आता लाल नळी. पीएचची कल्पना मांडली रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी, १९०९ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याने काढलेली. पूलच्या दृष्टीने तिथलं काम फार मोलाचं ठरलं, कारण क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो आणि जंतू मारायचं काम मुख्यतः एकच रूप करतं. पीएच ७.५ असताना निम्मा क्लोरीन त्या कामाच्या रूपात असतो. पीएच ८ झाला की जेमतेम पाव. पिवळी नळी दोन्ही वेळा सारखीच पिवळी! म्हणून पीएच ७.२ ते ७.६ आणि मोकळा (कशाशी न जोडलेला) क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), हे दोन आकडे जोडीनेच बघायचे.

पिवळी नळी आणखी एका बाबतीत फसवते. घाम आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरीनचे क्लोरामाइन होतात. डोळे चुरचुरतात ते यांच्यामुळे, आणि ‘पूलचा वास’ म्हणतात तोही यांचाच. म्हणजे उग्र वास आला तर बहुतेक वेळा औषध कमी पडलेलं असतं. पिवळ्या नळीत मोकळा आणि जोडलेला क्लोरीन एकत्रच दिसतो. ते वेगळे दाखवणारी डीपीडी चाचणी १९५७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पेलिन यांनी आणली. किट घेताना चार पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

उन्हात साधा क्लोरीन काही तासांत उडून जातो. त्यावर उपाय सायन्युरिक आम्लाचा. बाजारातल्या ‘नव्वद टक्के’ क्लोरीनवाल्या टीसीसीए गोळ्यांत ते असतंच. पण क्लोरीन संपतो आणि हे आम्ल मागे साठत जातं. ३० ते ५० पीपीएमच्या फार वर गेलं की क्लोरीन मंदावतो, आणि ते कमी करायला पाणी बदलण्याखेरीज साधा उपाय नाही. पावसाळ्यात पूल भरून वाहतो, तेव्हा ते आपोआप पातळ होतं. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या भावात पाणी ओतून द्यायला कोणाचा हात धजत नाही.

मात्रा डोळ्याने ठरवायची नसते. २०,००० लिटरच्या पूलमध्ये क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला नव्वद टक्केवाली टीसीसीए पावडर साधारण २२ ग्रॅम लागते. आमच्याकडे डबाभर पडत असे.

खरी भीती मात्र साठवणीची. शिवडीला हाजी बंदरात जुलै २०१० मध्ये वर्षानुवर्षं पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. घरात सिलिंडर नसतात, पण हायपोच्या (पातळ क्लोरीनच्या औषधाच्या) कॅनमध्ये पीएच उतरवायचं आम्ल पडलं की तोच वायू निघतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत आली, त्यात ओल असली, तर स्फोटही होऊ शकतो. म्हणून दोन्हींचे चमचेसुद्धा वेगळे. औषध पाण्यात घालायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. आमच्याकडे आता हायपो गच्चीवरच्या सावलीतल्या कोपऱ्यात असतो, गोळ्या खालच्या कोरड्या कपाटात, आम्ल तिसरीकडे, आणि तिन्ही ठिकाणी झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेलं.