जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक: सर्वो बसवायचा की मोठे डिस्क-कॅलिपर?

जुनी स्पोर्ट्स कार असलेल्या माणसाने "ब्रेक लागतच नाहीत" म्हटलं की त्याला लगेच दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो सर्वो टाक, म्हणजे आपण ज्याला बूस्टर म्हणतो तो, आणि दुसरा म्हणतो मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) आणि चार पिस्टनचे कॅलिपर (त्या चकतीवर घर्षणाचे पॅड दाबणारा चिमटा) टाक. ऐकणाऱ्याला वाटतं दोन्हीचं काम एकच, फक्त बजेटचा फरक. तसं अजिबात नाहीये. सर्वो तुमच्या पायाचं काम कमी करतो आणि मोठे ब्रेक उष्णता जास्त झेलतात, आणि गाडीला यातलं काय कमी पडतंय हे न बघता पैसे घातले तर तक्रार तिथेच राहते.

गोंधळ का होतो तेही समजण्यासारखं आहे, कारण या दोन्ही गोष्टी गाड्यांमध्ये साधारण एकाच काळात आल्या. आधी सगळीकडे ड्रम होते, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारे शू. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप ओढला जाऊन आणखी घट्ट दाबतो, त्यामुळे पाय फार दाबावा लागत नाही, पण तापले की ते लवकर ढेपाळतात. १९५३ ला जॅग्वारच्या सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर ल मांची शर्यत जिंकली आणि मग रस्त्यावरच्या गाड्यांतही डिस्क यायला लागल्या, १९५६ च्या सुमारास ट्रायम्फ टीआर३ ला पुढे डिस्क कंपनीकडूनच मिळायला लागल्या, १९६२ ची एमजीबी पुढे डिस्क मागे ड्रम अशीच आली. पण डिस्कमध्ये ती आपोआप ओढ नसते, पॅड जेवढा दाबाल तेवढाच दाबतो. म्हणजे तापायचा प्रश्न सुटला आणि पेडल मात्र जड झालं. हे जड पेडल हलकं करायला सर्वोची गरज वाढली, आणि तेव्हापासून "डिस्क आणि सर्वो म्हणजे चांगले ब्रेक" अशी जोडगोळी लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच.

सर्वो करतो काय? डब्यात एक डायफ्रॅम असतो, त्याच्या एका बाजूला इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला ब्रेक दाबला की बाहेरची हवा येते, आणि हा फरकच मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या पंपाला, ढकलतो. ८ इंच व्यासाचा डायफ्रॅम आणि चांगला व्हॅक्यूम असेल तर जवळपास २०० किलो वजनाएवढी मदत मिळू शकते, खूप मोठी मदत आहे ही. पण बघा, डिस्क तीच, पॅड तेच, टायर तेच. तुमचा पाय आधीच चारही चाकं लॉक करू शकत असेल (म्हणजे ती फिरायची थांबून घसरायला लागतील) तर सर्वोने गाडी एक फूटही आधी थांबणार नाही, कारण शेवटी गाडी थांबवतो तो टायर. १०० च्या स्पीडला टायरने ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) एवढी पकड दिली तर ब्रेक लागल्यापासून साधारण ४९ मीटर लागतात, मग पाय दमलेला असो वा नसो.

आता मोठ्या ब्रेकचं गणित, आणि माझ्या मते हेच नीट समजून घ्यायला हवं. १००० किलोची गाडी १०० वरून थांबवायची म्हणजे सुमारे ३८५ किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये ओतायची. समजा ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात, तर पुढच्या एकेका डिस्कच्या वाट्याला १३५ किलोज्यूल येतात, डिस्क ५ किलोची असेल तर एकाच ब्रेकिंगला ती जवळपास ६० डिग्रीने तापते. एकदा थांबलात तर काहीच नाही. पण घाट उतरताना किंवा ट्रॅकवर, गार व्हायला वेळ न देता सहा-सात वेळा तसंच दाबलंत तर ४०० डिग्रीची वाढ सहज होते, आणि स्पीड १४० असेल तर प्रत्येक वेळची उष्णता जवळपास दुप्पट, कारण ती स्पीडच्या वर्गाने वाढते. तीच डिस्क ७ किलोची केली की वाढ ६० ऐवजी ४२ वर येते, आणि मधून हवा खेळणारी व्हेंटिलेटेड असेल तर दोन ब्रेकिंगच्या मधे लवकर गारही होते. म्हणजे मोठ्या ब्रेकचा खरा फायदा दहाव्या ब्रेकिंगला दिसतो, पहिल्याला फारसा नाही.

म्हणून आधी तक्रार नीट ऐकायची. पहिल्यांदाही पेडल जड आणि दहाव्यांदाही तेवढंच जड, गाडी थांबते पण पाय भरून येतो, तर विषय सर्वोचा. पहिले दोन-तीन ब्रेक झकास आणि मग पेडल कडक असूनही गाडी थांबेना, तर पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेलाय, तिथे सर्वो लावून उपयोग नाही कारण घर्षणच उरलेलं नाही, जास्त दाबून थोडं भागेल आणि डिस्क आणखी तापेल. तापल्यावर पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं तर ब्रेक ऑइल उकळतंय, आणि याला सर्वोही नको आणि कॅलिपरही नको, आधी ऑइल बदला. डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मुरलं की तीच हद्द १५५ पर्यंत येऊ शकते. आणि चाकं सहज लॉक होतायत तरी गाडी लांब जाते, तर पैसे टायरमध्ये घाला.

जड पेडलचंही सर्वो हेच एकमेव औषध नाही. कित्येकदा आधीच्या मालकाने रेसचे पॅड टाकलेले असतात, ते गार असताना नीट पकडतच नाहीत, साधे रस्त्याचे चांगले पॅड टाकले की अर्धी तक्रार संपते. जाम झालेला पिस्टन, आतून सुजलेले जुने होज पाइप, हे तर आधी बघायलाच हवं, कारण सर्वो या सगळ्या खोड्या झाकून टाकतो आणि ते मला धोक्याचं वाटतं. अजून एक मार्ग म्हणजे मास्टर सिलिंडर. ०.७५ इंचाच्या जागी ०.७० इंची लावला तर तेवढ्याच पायाच्या जोरात साधारण १५ टक्के जास्त प्रेशर मिळतं, बदल्यात पेडल तेवढंच जास्त खाली जातं.

इथेच मोठे कॅलिपर लावणारे फसतात. पिस्टन मोठे म्हणजे त्यांना भरायला ऑइल जास्त लागतं, मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल लांब जातं आणि मग "ब्रेक स्पंजी झाले" म्हणून लोक एअर काढत बसतात. त्याहून मोठा प्रश्न बॅलन्सचा. फक्त पुढचे ब्रेक ताकदवान केले की पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागचे ब्रेक निम्मं कामही करत नाहीत, आणि महागडं किट लावून गाडी आधीपेक्षा लांब जाऊन थांबते. उलट मागचे जास्त जोरदार झाले तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते, ते तर फारच वाईट. म्हणून किट घेताना डिस्कच्या साइजइतकंच पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ मूळ कॅलिपरच्या जवळ आहे का ते विचारा, डिस्क जड आणि पिस्टन मूळच्या आसपास असं किट मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

सर्वो घ्यायचाच असेल तर इंजिन बघून घ्या. तेज कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकलेल्या इंजिनला आयडलवर व्हॅक्यूम कमी मिळतो, अशा गाडीत सर्वो कधी मदत करतो कधी नाही, आणि असं बेभरवशाचं पेडल जड पेडलपेक्षा वाईट. व्हॅक्यूमच्या नळीत नॉन-रिटर्न (एकाच दिशेने हवा सोडणारा) व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी एक-दोन ब्रेकपुरता व्हॅक्यूम शिल्लक राहतो. बसवल्यावर तपासणी सोपी आहे, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा, पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर सर्वो काम करतोय.

आणि गाडी १९६० च्या दशकातली असेल तर या दोन्हीच्या आधी ब्रेकचं सर्किट, म्हणजे ऑइलचा मार्ग, एकच आहे का ते बघा. अमेरिकेत १९६८ पासून दोन वेगळी सर्किट सक्तीची झाली, त्याआधीच्या खूप गाड्यांत एकच असतं, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. सर्वो लावून त्याच जुन्या पाइपांवर प्रेशर वाढवायच्या आधी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि नवीन पाइप, मी तरी पहिला खर्च यावरच करेन.