लाल दिवा आणि सोंगाड्या

ऐनवेळी सुचलेलं, संहितेत नसलेलं वाक्य फेकलं की नाटकवाले म्हणतात, ‘अ‍ॅडिशन घेतली’. थेट प्रसारणात विनोदवीर हेच करतो. नागपूरकडे मात्र ही विद्या माइकच्या कितीतरी आधीची.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत खडी गंमत हे लोकनाट्य उभ्या-उभ्याच रंगतं. शाहीर, सोंगाड्या, बाईच्या वेशातला नाच्या, सोबत ढोलकी-तुणतुणं. कथेचे टप्पे ठरलेले. बाकीचं बोलणं समोरची माणसं बघून. पुढे बसलेल्या पाटलाला जांभई आली, तर ती जांभईही खेळात येणार. दंडार या तिथल्याच दुसऱ्या लोकनाट्यातही तेच. खुद्द नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत मारबतींच्या पुतळ्यांसोबत बडगे म्हणजे आणखी काही पुतळे निघतात, त्यांच्यावरची टोमणेबाजी त्या-त्या वर्षीच्या ताज्या विषयांवर असते. थोडक्यात, समोरच्याला पाहून बोलायची सवय इथे मुरलेली होती.

१६ जुलै १९४८ ला नागपूरला आकाशवाणी सुरू झाली आणि सोंगाड्यासमोरचा पाटीलच गायब झाला. स्टुडिओत लाल दिवा लागला की समोर फक्त काच. हशा ऐकू येत नाही, आणि हशाच नाही तर पुढचं वाक्य कधी टाकायचं? टायमिंगचा निम्मा हिशेब तिथेच बुडाला. त्या काळी नाटुकली, श्रुतिका बहुतांशी थेटच जात. जीभ घसरली तर घसरली. म्हणून कागद आधी तपासून घ्यायचा. मराठीत लिहून दिलेल्या मजकुरालाही संहिता म्हणतात आणि नियमांनाही संहिताच. विनोदी नटाला दोन्हींनी बांधलं. आकाशवाणीच्या संहितेत मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्मावर हल्ला नको, अश्लील किंवा बदनामीकारक काही नको, पक्षाचं नाव घेऊन झोडपणं नको. गावच्या खेळातला निम्मा मसाला इथेच गळाला, असं माझं मत.

भाषेचाही पेच होताच. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषिक राज्याची राजधानी. रस्त्यावरचा माणूस ‘काऊन बे, काय करून राहिला?’ म्हणणार, आणि निवेदक शुद्ध प्रमाण मराठीत वेळ सांगणार. वऱ्हाडी टोन ऐकून साऱ्या महाराष्ट्राने हसायला सुरुवात केली ती बरीच नंतर, भारत गणेशपुरेंसारख्या नटांमुळे, टीव्हीवर. पण तो आधी चित्रित करून, कापून-जोडून दाखवलेला विनोद. टेपने थेटपणा आधीच खाल्ला होता.

तो परत आणला एफएमने. देशातलं पहिलं खासगी एफएम २००१ मध्ये बंगळुरूत लागलं, पुढे नागपूरलाही अशी केंद्रं आली. त्यांनाही आकाशवाणीचीच संहिता लागू, शिवाय स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. मग उरतं काय? ऊन, खड्डे, तर्री-पोहे आणि फोनवरचा माणूस. हा फोनवाला म्हणजे परत आलेला पाटीलच: तो काय बोलेल ते आरजेला, म्हणजे रेडिओ निवेदकाला, ठाऊक नसतं, उत्तर त्याच श्वासात द्यावं लागतं. बोलता-बोलता फोन तुटला तर हाताशी गाणं असतं. खडी गंमतीतल्या सोंगाड्याची ती सोय म्हणजे ढोलकीची थाप.